चिंध्यांची बाहुली आणि संगणकातील सांधे

वांद्रे येथील टेकडीवर दरवर्षी सप्टेंबर महिन्यात मोतमावलीची जत्रा भरते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणारी ही जत्रा आठवडाभर चालते आणि तिला सर्व धर्मांचे लोक जातात. चर्चकडे जाणाऱ्या वाटेवरील दुकानांत मेणबत्त्यांबरोबरच मेणाचे हात, मेणाचे पाय आणि मेणाच्या लहानमोठ्या बाहुल्या विक्रीस मांडलेल्या असतात. ज्या अवयवाचे दुखणे असेल तो मेणाचा अवयव नवस म्हणून वाहावा, असा प्रघात आहे. या मेणाच्या बाहुलीला कोपर नसते, गुडघा नसतो. ती साच्यातून एकसंध निघालेली असते. हातून निसटली तर ती फुटेल. परंतु पडताना तिचा हात मुडपणार नाही की मान कलणार नाही.

याच वांद्र्याच्या पूर्व भागातील वांद्रे-कुर्ला संकुलात, जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये, १ ते ४ मे २०२५ या काळात जागतिक दृकश्राव्य आणि मनोरंजन शिखर परिषद भरली. 'वेव्हज' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. सचेतनपट म्हणजेच ॲनिमेशन, दृश्य परिणाम, संगणकीय खेळ या क्षेत्रांचा तेथे विचार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली. 'ॲनिमेशनचा कोर्स' हे शब्द आता तालुक्याच्या गावीही ऐकू येतात. त्या कोर्समध्ये विद्यार्थ्याने नेमके काय शिकावयाचे असते, याची कल्पना मात्र पालकांना नसते आणि शिक्षकांनाही बहुधा नसते. चित्रकला चांगली असली की झाले, किंवा संगणकाची कळ दाबली की चित्र आपोआप हलते, असे दोन टोकांचे समज प्रचलित आहेत. या व्यवसायातील एकच काम, संगणकातील बाहुलीला सांधे बसविण्याचे, जवळून पाहिले असता या दोन्ही समजांतील उणीव ध्यानात येते. या कामास 'रिगिंग' आणि ते करणाऱ्यास 'रिगर' असे म्हणतात.

ठकी, कळसूत्री आणि चिंध्यांची बाहुली

आपल्याकडील मुलींची जुनी लाकडी ठकी ही मेणाच्या बाहुलीप्रमाणेच बिनसांध्याची. तिच्या पुढची पायरी कळसूत्री बाहुलीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच कार्यासाठी. कळसूत्री बाहुलीचे अवयव सुटे असतात व ते सैलसर जोडलेले असतात. दोरी ओढली की हात उठतो, सोडली की खाली येतो. बाहुलीचा हात नको त्या बाजूस वळू न देणे हे काम सांध्याचे नसून कलावंताच्या बोटांचे असते.

तिसरी बाहुली चिंध्यांची. घरी उरलेल्या कापडाची, आत चिंध्या भरलेली. तिला उंचावरून सोडून दिले असता ती कशीही पडते; दर वेळी निराळी पडते. हात पाठीखाली जातो, पाय मानेवर येतो. या बाहुलीवरूनच संगणकशास्त्रात 'रॅगडॉल' हा शब्द रूढ झाला.

संगणकाला अशा बाहुलीची गरज का पडली, हे समजण्यासाठी चित्र कसे हलते ते आठवावे लागेल. चित्रपटात एका सेकंदास २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांचा लघुपट केला. त्यात दर चित्रासाठी काडी हाताने किंचित सरकवावी लागली. संगणकावरील ॲनिमेशनमध्येही मूळ रीत हीच आहे. कलावंत महत्त्वाच्या अवस्था ठरवितो आणि मधल्या अवस्था संगणक भरून काढतो. चालणे, बोलणे, वळणे यांसाठी ही रीत उत्तम. परंतु माणूस जिन्यावरून गडगडतो तेव्हा त्याचे कोणते अंग कोणत्या पायरीस कधी लागेल, हे हाताने ठरवू जाता ते खोटे दिसते. संगणकीय खेळात तर अडचण याहून मोठी आहे. खेळणारा पात्राला कोठे ढकलील, हे खेळ तयार करणाऱ्यास ठाऊकच नसते. जुन्या खेळांत म्हणूनच प्रत्येक पात्र पडे ते एकाच ठरीव पद्धतीने, आणि जवळ भिंत असली तर निम्मे शरीर भिंतीच्या आत जाई.

यावर उपाय असा निघाला की, पडणे चितारावयाचेच नाही. कलावंताने बाहुली तयार करावी, तिला वजन द्यावे, सांधे द्यावेत, आणि पडण्याचे गणित संगणकाने करावे. 'ट्रेसपासर' या १९९८ सालच्या खेळात हा प्रयत्न झाला. 'हिटमॅन : कोडनेम ४७' या २००० साली निघालेल्या खेळात तो चांगला साधला. त्यातील गणिताची रीत थॉमस याकोब्सेन यांनी २००१ साली एका निबंधाद्वारे प्रसिद्ध केली. ही रीत फ्रेंच शास्त्रज्ञ लू व्हेर्ले यांनी १९६७ साली द्रवातील रेणूंच्या हालचालींचे गणित मांडण्यासाठी वापरली होती.

रीत सोपी असून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यासही समजावून देता येते. प्रत्येक बिंदूचा वेग लिहून न ठेवता त्याचे आत्ताचे स्थान आणि क्षणापूर्वीचे स्थान एवढेच लक्षात ठेवावयाचे. दोहोंतील फरक म्हणजेच वेग. त्यात गुरुत्वाकर्षणामुळे पडणारी भर मिळविली की पुढचे स्थान मिळते. दोन बिंदूंमध्ये हाड आहे, म्हणजे त्यांच्यातील अंतर बदलता कामा नये. ते बदललेच, तर दोन्ही बिंदूंना निम्मे-निम्मे सरकवून अंतर पूर्ववत करावयाचे. एक हाड नीट केले की शेजारचे किंचित बिघडते. ते नीट केले की पहिले पुन्हा थोडे बिघडते. अशी अनेक आवर्तने केली म्हणजे सर्व हाडे जवळजवळ योग्य लांबीची होतात. या 'जवळजवळ'मध्येच रिगरच्या बऱ्याचशा अडचणी दडलेल्या आहेत.

पंधरा तुकडे, चौदा सांधे

मनुष्याच्या शरीरात दोनशेहून अधिक हाडे आहेत. बाहुलीला एवढी लागत नाहीत. डोके, छाती व कटिभाग हे तीन. दोन दंड, कोपराखालचे दोन हात, दोन पंजे. दोन मांड्या, दोन पोटऱ्या आणि दोन पावले : एकूण १५ तुकडे पुरतात. त्यांना जोडणारे सांधे १४. प्रत्येक तुकड्याचा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा धरतात, कारण गोल टोकांच्या नळकांडीची टक्कर मोजणे संगणकाला सोपे जाते. वरून दिसणारी त्वचा व कपडे या तुकड्यांना मागाहून बांधले जातात. कोपराजवळच्या त्वचेचा एखादा बिंदू निम्मा दंडाच्या आणि निम्मा खालच्या हाताच्या आज्ञेत ठेवावा लागतो. अन्यथा हात वाकताच कोपर चिमटल्यासारखे दिसते.

आता सांध्यांकडे वळू. बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा हे भेद शालेय विज्ञानात शिकविलेच जातात. अवकाशात मोकळ्या सोडलेल्या तुकड्याला सहा प्रकारच्या हालचाली असतात : तीन दिशांना सरकणे व तीन अक्षांभोवती फिरणे. १५ तुकड्यांच्या मिळून ९० होतात. कोपरे व गुडघे हे चार बिजागरीचे सांधे प्रत्येकी पाच हालचाली काढून घेतात आणि एकच ठेवतात. मान, कंबर, खांदे, मनगटे, खुबे व घोटे हे दहा सांधे उखळीचे धरले, तर ते प्रत्येकी तीन काढून घेतात. म्हणजे ९० तून २० आणि ३० वजा जाऊन ४० हालचाली उरतात. सांधा म्हणजे हालचाल देणारी वस्तू असा सर्वसाधारण समज आहे. रिगरच्या दृष्टीने सांधा हालचाल काढून घेतो, आणि किती काढून घ्यावयाची यातच त्याचे कौशल्य असते.

उरलेल्या ४० हालचालींनाही मर्यादा घालाव्या लागतात. कोपर एकाच अक्षावर फिरते हे खरे, परंतु ते मागे वाकत नाही. सरळ हात म्हणजे शून्य अंश धरला, तर ते १५० अंशांपर्यंत आत मुडपते व शून्याखाली जात नाही. घोट्यात पाऊल वर सुमारे २० व खाली सुमारे ५० अंश जाते. मान एका बाजूस सुमारे ८० अंश वळते. खांद्याला आणि खुब्याला एकच आकडा पुरत नाही. त्यांच्यासाठी शंकूच्या आकाराचे क्षेत्र आखून देतात. हाड त्या शंकूत कोठेही फिरावे, बाहेर जाऊ नये. शिवाय हाडाने स्वतःभोवती किती पीळ घ्यावा, हे निराळे सांगावे लागते. शंकू दिला आणि पीळ मोकळा सोडला, तर बाहुलीचा दंड धुण्याच्या पिळ्यासारखा फिरतो. पिंगुळीच्या कलावंताची बोटे येथे नसतात. जे ती बोटे आयत्या वेळी सांभाळतात, ते सर्व येथे अगोदर आकड्यांत लिहून ठेवावे लागते.

नवशिक्यांच्या चुका याच ठिकाणी होतात. बिजागरीचा अक्ष चुकून हाडाच्या लांबीच्या दिशेने ठेवला जातो. मग गुडघा वाकण्याऐवजी पोटरी स्वतःभोवती गरगरते. डाव्या हाताचे सांधे उजव्यावर आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उतरवून घेताना अक्षाची दिशा उलटते. डावे कोपर शून्य ते १५० या मर्यादेत नीट चालत असता उजवे मात्र मागे मोडते. आकडा बरोबर असतो, चिन्ह चुकलेले असते. खांद्याच्या सांध्याचे केंद्र हाडाच्या गोलाच्या मध्यावर न ठेवता त्वचेच्या कडेशी ठेवले, तर हात उचलताच खांदा खचतो. यांपैकी एकही चूक स्थिर चित्रात दिसत नाही. बाहुली उभी असते तोवर ती निर्दोष असते. दोष दिसतो तो ती पडल्यावर.

वजनाचा हिशेब

बाहुलीच्या सर्व तुकड्यांना सारखे वजन दिले तर ती माणसासारखी पडत नाही. शरीराच्या कोणत्या भागाचे वजन एकूण वजनाच्या किती टक्के असते, याची अमेरिकेत १९५५ साली प्रसिद्ध झालेली मापे आजही आधाराला घेतली जातात. त्यांनुसार डोके व मान मिळून सुमारे ८ टक्के, धड जवळजवळ ५०, एक मांडी १०, एक पोटरी साडेचारहून थोडी अधिक, पाऊल दीड, दंड पावणेतीन, कोपराखालचा हात दीड आणि पंजा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. ६० किलो वजनाच्या माणसाचे धड असे ३० किलोंचे होते, तर पंजा जेमतेम ३६० ग्रॅमचा.

परंतु हे खरे आकडे जसेच्या तसे घातले की संगणक अडखळतो. वर सांगितलेली आवर्तनाची रीत शेजारच्या दोन तुकड्यांच्या वजनांत फार अंतर असल्यास लवकर जुळत नाही. बाहुलीने एका हाताने फांदी धरली आहे आणि सारे धड त्या ३६० ग्रॅमच्या पंजाला लोंबकळते आहे, असे कल्पावे. मनगट रबरासारखे ताणले जाते. म्हणून अनुभवी रिगर पंजाचे व पावलाचे वजन जाणून-बुजून वाढवितात आणि शेजारच्या तुकड्यांतील प्रमाण दहापटीच्या आत ठेवतात. खरे दिसण्यासाठी येथे खऱ्या मापाला थोडी मुरड घालावी लागते.

वेळेचाही असाच हिशेब आहे. संगणक सेकंदाचे बहुधा ६० भाग करतो व दर भागात एकदा गणित करतो. एक सेकंद पडलेली वस्तू ४.९ मीटर खाली येते आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला ९.८ मीटर असतो. म्हणजे एका टप्प्यात ती सुमारे १६ सेंटिमीटर सरकते. मनगटाची जाडी याच्या निम्मीही नसते. त्यामुळे एका टप्प्यात मनगट फळीच्या वर आणि पुढच्या टप्प्यात फळीच्या खाली, अशी स्थिती होऊ शकते. टक्कर झालीच नाही, असे संगणक समजतो. माणूस जमिनीवर आणि हात जमिनीत, हे दृश्य जुन्या खेळांत वारंवार दिसे. याकरिता वेगवान तुकड्यांच्या बाबतीत दोन टप्प्यांमधील मार्गही तपासावा लागतो. पडून झाल्यावर बाहुलीला कापरे भरणे हा आणखी एक परिचित दोष. दंड आणि छाती मुळातच एकमेकांत थोडे शिरलेले असतात. टक्कर-गणित त्यांना दूर लोटते, सांधा पुन्हा जवळ ओढतो. ही ओढाताण थांबविण्यासाठी शेजारच्या तुकड्यांमधील टक्कर मोजू नये असे सांगून ठेवतात आणि सांध्यात थोडे अवमंदन घालतात. वंगण न दिलेली जुनी बिजागरी जशी जड फिरते, तसा हा प्रकार आहे.

जिवंत माणूस पडताना

चिंध्यांच्या बाहुलीत आणि माणसात एक मूलभूत फरक राहतोच. माणूस पडताना हात पुढे करतो, डोके वाचवितो. दहीहंडीचा मनोरा डोळ्यांपुढे आणावा. खालच्या थरातील गोविंदांची शरीरे ताठ असतात, हात एकमेकांच्या खांद्यांत गुंतलेले असतात. मनोरा ढासळू लागतो तेव्हा ती शरीरे एकदम शिथिल होत नाहीत. वरचा गडी पडता पडता आधार शोधतो, खालचा त्याला झेलू पाहतो. पडद्यावर हे दाखवावयाचे तर खरी माणसे पाडणे योग्य नव्हे, आणि नुसत्या शिथिल बाहुल्या पाडल्या तर पोती कोसळल्यासारखे वाटते. म्हणून सांध्यांत स्नायूंच्या जागी काल्पनिक मोटारी बसवितात. प्रत्येक मोटार आपला सांधा ठरावीक अवस्थेकडे खेचते. ताकद कमी केली की शरीर ढिले पडते. या दिशेने केलेली 'युफोरिया' नावाची प्रणाली २००८ सालच्या एका गाजलेल्या खेळात वापरली गेली आणि त्यातील पात्रे तोल सांभाळण्याची धडपड करताना दिसू लागली.

आपली बैठक आणि परक्यांचे कोष्टक

सांध्यांच्या मर्यादांचे आकडे येतात कोठून, हा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ते प्रायः अस्थिरोगशास्त्राच्या कोष्टकांवरून घेतले जातात. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संस्थेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात गुडघ्याची मर्यादा १३५ अंश व खुब्यात मांडी बाहेर वळण्याची मर्यादा ४५ अंश दिली आहे. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला एवढे पुष्कळ झाले. आपल्याकडे चुलीपुढे बसलेली गृहिणी, शेतात निंदणी करणाऱ्या बाया, पारावर उकिडवे बसून गप्पा मारणारे म्हातारे यांचा गुडघा १५० अंशांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक मुडपलेला असतो. मांडी घालून जेवावयास बसलेल्या पंक्तीतील प्रत्येकाचा खुबा चांगलाच बाहेर वळलेला असतो.

तयार सांगाडा उचलून त्यावर अशी बाई बसविली की काय होते? ॲनिमेशनकाराने तिला हाताने उकिडवी बसविलेली असते, तोवर कोणतीही अडचण येत नाही. कथानकात छप्पर कोसळते आणि तिचे शरीर पडण्याच्या गणिताकडे सोपविले जाते. त्याच क्षणी संगणकाला आढळते की, गुडघा मर्यादेपेक्षा १५ अंश पुढे गेलेला आहे. ही 'चूक' तो एका टप्प्यात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, दुरुस्त करू पाहतो. दोन्ही पाय झटक्याने उघडतात आणि बाई पडण्याऐवजी छताकडे उडते. पाहणारे हसतात; आणि रिगर नवखा असेल तर तो गुरुत्वाकर्षण वाढवून पाहतो, वजन वाढवून पाहतो. दोष वस्तुतः त्या १३५ या आकड्यात असतो.

महाराष्ट्रातील गोष्टी पडद्यावर आणावयाच्या तर मराठी माणसाची बैठक, मल्लखांबपटूची कंबर, कबड्डीतील चढाई करणाऱ्याचा घोटा यांची मापे आपली आपण घ्यावी लागतील. अंधेरी, गोरेगाव, मालाड या उपनगरांतील स्टुडिओंमधून परदेशी चित्रपटांची कामे होत असतात. तेथे परदेशी सांगाडाच योग्य असतो. तोच हात पुढे आपल्या कथांवर चालविताना सवयीने जुनाच सांगाडा वापरला जातो, इतकेच.

अभ्यासक्रम पाहताना

प्रशिक्षण वर्गांना मान्यता वा अनुदान देताना संगणकांची संख्या आणि खोलीचे क्षेत्रफळ पाहिले जाते. विद्यार्थ्याने एक बाहुली अगदी पहिल्या हाडापासून स्वतः जोडली काय, आणि ती जिन्यावरून पाडून दाखविली काय, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. तयार सांगाड्यावर कळा दाबावयास शिकविणारे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांतून बाहेर पडलेल्या मुलाला कोपर मागे का मोडले, हे सांगता येत नाही. साधनांचा खर्च ही सबब आता फारशी उरलेली नाही. 'ब्लेंडर' ही त्रिमितीय चित्रणाची प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून तिच्यात हाडे जोडण्याची व पडण्याचे गणित करण्याची सोय आहे.

या कामाची पूर्वतयारी संगणक नसलेल्या शाळेतही होऊ शकते. पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या एका टोकाशी टाचणीने जोडाव्यात आणि त्या जोडावर कंपासपेटीतील कोनमापक चिकटवावा. रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ सांध्याचे कोन मोजण्यासाठी जे उपकरण वापरतात, त्याचेच हे घरगुती रूप होय. एक पट्टी मांडीच्या व दुसरी पोटरीच्या हाडाला समांतर धरावी आणि जोड गुडघ्याच्या बाजूस मध्यावर यावा. पाय सरळ असताना शून्य वाचला पाहिजे. नंतर विद्यार्थ्यास खुर्चीवर, मांडी घालून व उकिडवे असे क्रमाने बसवून कोन वाचावा. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी. सांधा हाताने दाबून पुढे ढकलू नये. विद्यार्थी स्वतः जेथवर जाईल तेथवरच मोजावे. वर्गातील चाळीस मुलांची अशी मापे म्हणजे गणिताच्या तासाला सरासरी व विस्तार शिकविण्यासाठी उत्तम सामग्री होते. गावातील साठीपुढच्या व्यक्तींचीही मापे त्यांच्या संमतीने घेतल्यास तुलना करता येईल. नोंदवहीत वय, सांधा, बाजू आणि कोन यांच्यासाठी रकाने आखावेत. 'टाचा टेकून उकिडवे बसता येते काय' असा एक रकाना शेवटी ठेवावा. वयोवृद्धांच्या यादीत तेथे जितक्या वेळा 'होय' येईल, तितक्या वेळा तो मुलांच्या यादीत येईलच, असे मात्र गृहीत धरू नये.